माझं मत ढाल म्हणून वापरू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काल, ८ जुलै २०२४ ला, अध्यक्ष बायडन यांनी आपल्या डेमोक्रॅटिक पार्टीच्या खासदारांना एक पत्र पाठवलं आणि ते वाचल्यापासून मी एवढी चिडलेय की इथे कुणाशी बोलून भागत नाहीये, म्हणून तुम्हाला लिहितेय. त्या पत्रात ते म्हणतात की प्रायमरीत, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मला १ कोटी ४० लाखांवर मतं मिळाली, एकूण मतांच्या ८७ टक्के, जवळपास ३,९०० डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवारी पक्की करणारे प्रतिनिधी, माझे आहेत, मतदारांनी स्पष्ट निर्णय दिलाय, आता मी उमेदवारी सोडावी का हा विषय संपवा. त्या १ कोटी ४० लाखांत एक मत माझं आहे. फेब्रुवारीत दिलेलं. आणि मला जाहीरपणे सांगायचंय की ते मत मी ह्यासाठी दिलं नव्हतं.

तुमच्या पेपरात अमेरिकेच्या निवडणुकीवर रोज काही ना काही येतं, ते मी फोनवर वाचते. २७ जूनच्या ट्रम्प-बायडन डिबेटनंतर जे आलं त्यात बहुतेक सगळं दोन म्हाताऱ्यांचं भांडण ह्याच सुरात होतं, कोण किती अडखळलं, कोण किती खोटं बोललं, आणि साताऱ्याहून मामाचा पण तोच मेसेज, अगं तुमच्या एवढ्या मोठ्या देशात दुसरं कोणी मिळालं नाही का. मामाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर "मिळालं नाही" असं नाहीये, "शोधूच दिलं नाही" असं आहे, आणि हे तिकडच्या वाचकांना नीट कळावं असं मला मनापासून वाटतं, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणांची मुलं, भाचरं इथे मतदार आहेत.

मी २४ वर्षांची आहे. तिसरीपर्यंत साताऱ्यात मराठी शाळेत होते, मग बाबांच्या नोकरीमुळे मिशिगनला आलो. डेट्रॉइटच्या आसपास ऑटो कंपन्यांमुळे आपले मराठी लोक भरपूर आहेत, ट्रॉय, नोवी, फार्मिंग्टन हिल्स सगळीकडे. पहिलं मत मी २०२० मध्ये बायडनना दिलं. २०२२ मध्ये पार्टीसाठी दारोदार फिरले, फोन केले. म्हणजे मी बाहेरून दगड मारणारी नाहीये, ही माझी पार्टी आहे, आणि राग म्हणूनच जास्त येतो.

आधी प्रायमरीचं सांगते कारण सगळी मेख तिथेच आहे. तिकडे एबी फॉर्म कुणाला द्यायचा ते मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं, कार्यकर्ता बाहेर उभा राहून वाट बघतो. इथे तसं नाही, पार्टीचा उमेदवार कोण हे मतदारच प्रायमरीत मत देऊन ठरवतात, आणि मामाला ह्याचं फार कौतुक आहे, तुमच्याकडे लोक तिकीट देतात म्हणतो. आणि खरंच देतात. १९६८ मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष हंफ्री यांनी एकही प्रायमरी न लढता तिकीट मिळवलं, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर पोरांना पोलिसांनी झोडपलं, त्यानंतर पार्टीने नियम बदलले आणि तिकीट देण्याची ताकद पुढाऱ्यांच्या खोलीतून काढून मतदारांकडे दिली. ती पोरं तेव्हा माझ्याच वयाची होती.

पण ह्या वर्षीची प्रायमरी काय होती? अध्यक्ष स्वतः उभे, म्हणून डिबेट एकही नाही. वर्षानुवर्षं पहिली प्रायमरी न्यू हॅम्पशायरला व्हायची, ती बदलून साउथ कॅरोलायनाला पहिली दिली, जिथे २०२० मध्ये बायडनना जीवदान मिळालं होतं. फ्लोरिडात तर पार्टीने एकच नाव पाठवलं आणि मतदानच झालं नाही, सगळे डेलिगेट परस्पर बायडनना. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स एकटे ओरडून सांगत होते की बायडन हरतील, दुसऱ्या कुणीतरी पुढे या, तर त्यांना आमच्याच लोकांनी वेड्यात काढलं. ज्यांना खरंच देश ओळखतो असे गव्हर्नर, सिनेटर, त्यातलं एकही जण उभं राहिलं नाही, कारण अध्यक्षांच्या विरोधात उभं राहिलं की पुढची कारकीर्द संपली हे सगळ्यांना माहीत.

आमची मिशिगनची प्रायमरी २७ फेब्रुवारीला झाली. मतपत्रिकेवर बायडन, फिलिप्स, मेरियन विल्यमसन, आणि चौथा पर्याय "अनकमिटेड", म्हणजे कुणालाच नाही. गाझातल्या युद्धावरून त्या अनकमिटेडचा इथे मोठा प्रचार झाला, एक लाखाच्या वर लोकांनी तोच गोल काळा केला, जवळपास १३ टक्के, आणि डिअरबॉर्नमध्ये तर तेच बायडनच्या पुढे गेलं. माझी कॉलेजची मैत्रीण डिअरबॉर्नची आहे, लेबनॉनहून आलेलं कुटुंब, ती मला म्हणाली होती की आपण आत्ता बोललो नाही तर ते समजतील आपल्याला चालतंय. आमचं त्यावर खूप भांडण झालं. मी बायडनना मत दिलं कारण ते एकमेव खरे उमेदवार होते आणि नोव्हेंबरच्या आधी त्यांचे हात बळकट असावेत असं वाटलं. म्हणजे त्या मताचा अर्थ एवढाच होता की जे आहे त्यात हे. आता त्याच मताचं सर्टिफिकेट करून ते मलाच दाखवतायत, बघ तूच निर्णय दिलास, आता गप्प बस!

आणि तो निर्णय आम्ही कुठल्या माहितीवर दिला? त्याच फेब्रुवारीत स्पेशल काउन्सेल, म्हणजे खास चौकशीसाठी नेमलेले सरकारी वकील, रॉबर्ट हर यांचा रिपोर्ट आला, त्यात बायडन यांची स्मरणशक्ती कमकुवत असल्याचं लिहिलं होतं. पार्टीचे सगळे मोठे लोक टीव्हीवर येऊन म्हणाले हा माणूस रिपब्लिकन आहे, मुद्दाम लिहिलंय, आम्ही अध्यक्षांना रोज भेटतो, ते एकदम तल्लख आहेत. रोज भेटणारे जर असं सांगत असतील तर मिशिगनमधल्या मतदाराने अजून काय तपासायचं असतं? मत मागताना जी गोष्ट झाकून ठेवली ती मत मिळाल्यावर चार महिन्यांनी अटलांटाच्या स्टेजवर सगळ्या जगाने बघितली.

डिबेटचं सगळं सांगत बसत नाही, "आपण शेवटी मेडिकेअरला (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याला) हरवलं" हे वाक्य तुमच्याकडेही गाजलं म्हणे. पण मला त्या दीड तासातली दुसरीच दोन मिनिटं विसरता येत नाहीयेत. प्रश्न गर्भपाताचा आला. हा आमचा प्रश्न आहे, आमचा म्हणजे मिशिगनच्या मुलींचा. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल उलटवला तेव्हा आमच्या राज्यात १९३१ चा कायदा पडून होता ज्यात गर्भपात जवळजवळ सरसकट गुन्हा, तो परत जिवंत होणार अशी वेळ आली. तेव्हा इथल्या बायकांनी साडेसात लाखांवर सह्या गोळा केल्या, तो विषय सरळ मतपत्रिकेवर आणला आणि जिंकला, राज्यघटनेत हक्क लिहून घेतला. त्या नोव्हेंबरला अ‍ॅन आर्बरमध्ये विद्यार्थी मतदार म्हणून नावं नोंदवायला मध्यरात्र उलटून जाईपर्यंत थंडीत रांगेत उभे होते. मी तेव्हा घराघरात जाऊन म्हाताऱ्या बायकांशी बोललेय, त्यातल्या कित्येक चर्चला जाणाऱ्या, त्या दार लावून घेण्याऐवजी आत बोलवून आपल्या तरुणपणीच्या गोष्टी सांगायच्या, सांगताना रडायच्या, कधीच कुणाला न सांगितलेलं सांगायच्या. एवढं सगळं आमच्या मागे होतं. आणि त्या स्टेजवर ट्रम्प सरळ सांगतायत की डेमोक्रॅट लोक जन्मानंतरही बाळं मारतात, धडधडीत खोटं, आणि आमचे उमेदवार त्याला उत्तर देता देता भरकटले आणि एका स्थलांतरिताने केलेल्या खुनावर गेले, म्हणजे ट्रम्पच्याच आवडीच्या विषयावर. जो मुद्दा पार्टीचा सगळ्यात मजबूत मुद्दा, तो त्यांना धड मांडता आला नाही. मी टीव्हीसमोर बसून मोठ्याने ते वाक्य पूर्ण करत होते. आई बाजूला बसलेली, ती काहीच बोलली नाही.

मग ५ जुलैला एबीसी चॅनलवर बायडन यांची मुलाखत झाली. पत्रकार जॉर्ज स्टेफनोपोलस यांनी विचारलं की डिबेट नंतर बघितली का, तर म्हणे बघितली असं वाटत नाही. उमेदवारी सोडाल का, तर साक्षात देवाने खाली येऊन सांगितलं तर सोडेन. आणि शेवटी विचारलं की तुम्ही थांबला नाहीत आणि ट्रम्प निवडून आले तर जानेवारीत तुम्हाला कसं वाटेल, त्यावर उत्तर असं की मी माझं सर्वस्व दिलं, जमेल तेवढं चांगलं काम केलं असं असेल तर झालं, हे सगळं त्याचसाठी आहे. नाही हो! हे त्याचसाठी नाहीये. हे तुमच्या समाधानासाठी नाहीये. तुम्हीच चार वर्षं आम्हाला सांगितलं की लोकशाही पणाला लागलीये, १ जुलैला सुप्रीम कोर्टाने अध्यक्षांना पदावरच्या कामांसाठी खटल्यापासून केवढं मोठं संरक्षण देऊन टाकलं, उद्या ते ट्रम्पच्या हातात जाणार, आणि तुम्ही मनापासून प्रयत्न केला एवढ्यावर आम्ही समाधान मानायचं?

इथे वाचक म्हणतील वयाचं काय एवढं, आमचे पवारसाहेब बघा. मामाने हेच लिहिलं. शरद पवार तर बायडनपेक्षा दोन वर्षांनी मोठे, डिसेंबर १९४० चा जन्म, आणि आत्ता लोकसभेला पक्ष फुटलेला, चिन्ह गेलेलं, तरी गावोगाव सभा घेऊन दहातल्या आठ जागा आणल्या. २०१९ मध्ये साताऱ्यात भर पावसात केलेलं भाषण तर आमच्या घरातले लोक मैदानात उभे राहून ऐकत होते. म्हणून तर मी म्हणते की नुसत्या वयाचा मुद्दाच नाहीये. इथे सिनेटर बर्नी सँडर्स बायडनपेक्षा वर्षभराने मोठे आहेत आणि माझ्या वयाच्या पोरांना ते सगळ्यात जवळचे वाटतात. मुद्दा असा आहे की पाच मिनिटं उभं राहून समोरच्याचं खोटं खोडून काढता येतं का, आणि येत नसेल तर ते मान्य करता येतं का.

खुर्ची वेळेवर न सोडल्याची किंमत कोण भरतं हे आम्ही एकदा बघितलंय. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग, माझ्या खोलीत त्यांचा फोटो होता, अजून आहे. ओबामा अध्यक्ष असताना, सिनेट पार्टीच्या हातात असताना, त्या ८० च्या होत्या, कॅन्सर झालेला, लोकांनी सुचवलं की आता निवृत्त व्हा म्हणजे तुमच्या विचाराचं कुणीतरी येईल. त्या राहिल्या. सप्टेंबर २०२० मध्ये ८७ व्या वर्षी गेल्या, ट्रम्पनी तिथे एमी कोनी बॅरेटना बसवलं आणि दोन वर्षांच्या आत रो गेला. त्यांनी आयुष्यभर बायकांसाठी केलेलं काम मोठंच आहे, ते कुणी पुसू शकत नाही, पण टेक्सासमधल्या वीस वर्षांच्या मुलीला आज तिच्या राज्यात उपचार मिळत नाहीत त्यात त्या एका न घेतलेल्या निवृत्तीचा वाटा आहे.

बायडन यांनी काम केलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. इथल्या मिशिगनच्या ऑक्सफर्ड गावातल्या हायस्कूलमध्ये २०२१ ला चार मुलं गोळीबारात मेली, ते गाव आमच्यापासून लांब नाही, आणि २०२२ मध्ये जवळपास तीस वर्षांनी बंदुकांवरचा काहीतरी कायदा झाला तो त्यांनीच सही केलेला. हवामानासाठी इतका पैसा आधी कुणी आणला नव्हता. आजीआजोबांच्या मेडिकेअरमध्ये इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरवर आणलं. ऑटो कामगारांच्या संपात गेल्या सप्टेंबरला इथे मिशिगनला येऊन ते पिकेट लाइनवर, संपकऱ्यांच्या बरोबर, उभे राहिले, असं करणारे पहिलेच अध्यक्ष, आणि माझ्या मित्राचे वडील त्या दिवशी तिथे होते. विद्यार्थी कर्जमाफी सुप्रीम कोर्टाने अडवली त्यात त्यांचा दोष नाही, नंतर वेगळ्या वाटेने लाखो लोकांची माफ केलीच. गाझाबाबत मला त्यांचं धोरण पटत नाही आणि पटणार नाही. पण हे सगळं राखायचं असेल तर नोव्हेंबरात जिंकायला लागतं, आणि जिंकायला ते लोकांसमोर मांडता यायला लागतं.

आणि त्यांनीच शब्द दिला होता. मार्च २०२० मध्ये डेट्रॉइटच्या रेनेसान्स हायस्कूलमध्ये कमला हॅरिस, आमच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर आणि सिनेटर कोरी बुकर ह्यांना बाजूला उभं करून ते म्हणाले होते की मी स्वतःकडे एक पूल म्हणून बघतो, पुढच्या पिढीपर्यंत नेणारा. मी त्या भाषणावर विश्वास ठेवून पहिलं मत दिलं. ते तिघंही आज राजकारणात आहेत, तिघंही साठीच्या आत. पूल ओलांडायला कुणी नाही असं नाहीये.

घरी बाबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात आता चार महिने उरलेत, ऐन वेळी गोंधळ घातला तर ट्रम्प येईल, आणि त्यांची भीती खोटी नाही. आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, तिच्या आईबाबांचं ग्रीन कार्ड भारतीयांच्या त्या न संपणाऱ्या रांगेत अडकलंय, ही सहा वर्षांची असताना आली, इथेच शिकली, आणि २१ पूर्ण झाल्यावर आईबाबांच्या व्हिसातून बाहेर पडली, आता स्टुडंट व्हिसावर दिवस काढतेय. ट्रम्प आल्यावर अशांचं काय होईल ह्या विचाराने आमच्याकडच्या कितीतरी घरांत झोप लागत नाही. बाबांना वाटतं म्हणून गप्प राहावं. मला वाटतं म्हणूनच गप्प राहता येत नाही. २०१६ ला ह्या राज्यात ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले, आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेत पडावा एवढा फरक, आणि त्यावर राज्याची १६ इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी मतं, गेली. ह्या वेळी फॉलमध्ये मी परत दारोदार जाणार, लोक दार उघडून पहिला प्रश्न विचारणार की हे अजून चार वर्षं, म्हणजे ८६ पर्यंत, काम करू शकतील का, आणि मी तोंड वर करून "हो" म्हणू शकत नाही. खोटं बोलायला मी कार्यकर्ती झाले नाही. आणि मी "माहीत नाही" म्हटलं की तो माणूस ट्रम्पना नाही दिलं तरी घरी तरी नक्कीच बसेल.

नोव्हेंबरात मी डेमोक्रॅटिक उमेदवारालाच मत देणार आहे, ते बायडन असले तरी. पार्टीला हे माहितीये आणि ती त्याच जोरावर आमचं ऐकत नाही. जी पोरं-पोरी माझ्याइतकी पार्टीला बांधलेली नाहीत त्यांची मतं मात्र अशी गृहीत धरता येणार नाहीत, आणि ती मला रोज भेटतात, ऑफिसात, लायब्ररीत, भारतीय दुकानाच्या लायनीत.

अजून काहीच ठरलेलं नाही हे तिकडच्या बातम्यांत येत नाही म्हणून सांगते. अधिवेशन शिकागोला १९ ऑगस्टपासून आहे, पण मतपत्रिकेवर नाव देण्याच्या ओहायो राज्याच्या डेडलाइनमुळे पार्टी त्याच्या आधीच डेलिगेटांचं ऑनलाइन मतदान घेऊन उमेदवारी पक्की करायच्या घाईत आहे. आणि पार्टीच्या नियमात डेलिगेटबद्दल असं आहे की ज्यांनी त्यांना निवडलं त्यांच्या भावना त्यांनी सद्सद्विवेकाने मांडायच्या. म्हणजे ते ३,९०० जण बायडन यांच्या मालकीचे नाहीत, ते आमचे आहेत. टेक्सासचे लॉइड डॉगेट हे खासदार २ जुलैला पहिल्यांदा उघडपणे म्हणाले की अध्यक्षांनी थांबावं, त्यानंतर हळूहळू बाकीचे बोलतायत, बाकी बरेच जण दबक्या आवाजात पत्रकारांना सांगतात आणि कॅमेऱ्यासमोर गप्प. मी आमच्या खासदारबाईंच्या ऑफिसला फोन केला, तिथल्या मुलीने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली असे फोन दिवसभर येतायत. आमच्या भागातल्या डेलिगेटांना पण लिहितेय, की माझं मत तुम्ही घेऊन जाताय, तर २७ जूनला मी काय बघितलं तेही बरोबर घेऊन जा.

तुमच्या वाचकांना एवढीच विनंती, तुमचं कुणी मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, विस्कॉन्सिन, अ‍ॅरिझोनात राहत असेल आणि मतदार असेल तर त्यांना ट्रम्प-बायडनचे व्हिडिओ पाठवण्यापेक्षा एक फोन करा आणि विचारा की तुम्ही तुमच्या खासदाराला कळवलं का. ऑनलाइन मतदान एकदा झालं की मग कळवून उपयोग नाही, आणि ते काही आठवड्यांवर आलंय.

कळावे,
तुमची एक वाचक
नोवी, मिशिगन
९ जुलै २०२४